यजमान म्हणून आपण कसे वागतो?

या चर्चेत एकांनी म्हटलंय की मोठी स्पर्धा आपल्याकडे भरली की देशप्रेमाचा नुसता गोंगाट होतो. मला हे अर्धंच पटलं.

१९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादेत क्रिकेट विश्वचषकाच्या फायनलमध्ये ऑस्ट्रेलियाच्या ट्रॅव्हिस हेडने १३७ धावा कुटल्या आणि भरलेलं स्टेडियम मुकं झालं. हरण्याचं दुःख समजतं, पण पाहुण्याच्या शतकाला टाळ्या वाजवायला काय जात होतं? १९९९ मध्ये चेन्नईच्या कसोटीत पाकिस्तानने आपल्याला १२ धावांनी हरवलं, तेव्हा तिथल्या चेपॉक स्टेडियमच्या प्रेक्षकांनी उभं राहून त्यांना दाद दिलीच होती की! त्या प्रेक्षकांचा मला आजही अभिमान वाटतो.

आता दुसरी बाजू. २ नोव्हेंबर २०२५, महिला विश्वचषकाची फायनल नवी मुंबईत. आमच्या सांगलीतल्या विश्रामबागेत मध्यरात्र झाली तरी घराघरांत टीव्ही चालू. आपली कर्णधार हरमनप्रीतने शेवटचा झेल घेतला, भारत जिंकला आणि शेजारच्या काकू अंगावर शाल ओढून थेट रस्त्यावर आल्या. शाळकरी नातीला हलवून हलवून सांगत होत्या, "बघ गं, आपल्या सांगलीची स्मृती मानधना!" एरवी या काकू क्रिकेट लागलं की चॅनल बदलायच्या. याला गोंगाट कसं म्हणू? त्या रात्री देश आणि सांगली वेगळे नव्हतेच.

२०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार आहेत. तिथे केनियाचा धावपटू जिंकला तरी स्टेडियम उभं राहिलेलं मला बघायचंय.