सीडी५९ अडवल्यावर पेशी मरतात, पण ते त्या अँटिबॉडीमुळेच तर नाही?

सीरमवाली

नमस्कार. कॉम्प्लिमेंटवर (रक्तातली, साखळीनं सुरू होऊन पेशी फोडणारी प्रथिनं) हात बसलेलं कोणी असेल तर मदत हवी आहे.

मी माणसाच्या बी-लिम्फोमा पेशींवर सीडी५९ चं (पेशीला कॉम्प्लिमेंटपासून वाचवणारं तिच्या पृष्ठभागावरचं प्रथिन) काम बघतेय. पेशींना सीडी५९ विरोधी मोनोक्लोनल लावते (क्लोन मेम-४३, उंदराची आयजीजी२ए), धुते, मग माणसाचं २० टक्के ताजं सीरम घालून ३७ अंशाला तासभर ठेवते. शेवटी प्रॉपिडियम आयोडाइड (मेलेल्या पेशींत शिरणारा रंग) घालून फ्लोवर (फ्लो सायटोमीटरवर) मेलेल्या पेशी मोजते. नुसत्या सीरममध्ये ६ टक्क्यांच्या आसपास मरतात, आयसोटाइप कंट्रोलमध्येही (त्याच वर्गाची, पण पेशीवरचं काहीच न ओळखणारी अँटिबॉडी) तेवढ्याच. मेम-४३ लावली की आकडा ४० च्या वर जातो. सीरम आधी ५६ अंशाला ३० मिनिटं तापवलं तर पुन्हा ६.

मला अर्थ सरळ दिसतो: सीडी५९ झाकलं गेलं, मेम्ब्रेन अटॅक कॉम्प्लेक्स (पेशीला भोक पाडणारी कॉम्प्लिमेंटची शेवटची जुळणी) पूर्ण बसला, पेशी फुटली. लॅबमधल्या सीनियरना ते पटत नाही. "आयसोटाइप कंट्रोल इथे पुरत नाही" एवढंच म्हणाले आणि रजेवर गेले. का पुरत नाही?

दुसरं, हीच अँटिबॉडी फ्लोला झकास चालते पण वेस्टर्नला (जेलवर प्रथिन ओळखायची चाचणी) एक पट्टा दाखवत नाही. बाटली खराब आहे का?

नळीभर

वेस्टर्नचं सांगतो. सॅम्पल बफरमध्ये डीटीटी किंवा बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल आहे ना? ते काढा. सीडी५९ एवढंसं प्रथिन, पण त्यात १० सिस्टीन आणि ५ डायसल्फाइड बंध आहेत. बंध तुटले की घडी उलगडते आणि मेम-४३ ला ओळखायला काही उरत नाही. नॉन-रिड्यूसिंग चालवा, १५ टक्के जेल घ्या, १८ ते २० किलोडाल्टनला बघा. बाटली ठीक असणार.

जुनी_बायोकेमिस्ट

सीनियर बरोबर आहेत, पण त्यांनी कारण सांगून जायला हवं होतं.

आयसोटाइप कंट्रोल पेशीला चिकटतच नाही. तुम्ही धुतलंत की ती वाहून गेली. मेम-४३ मात्र पेशीवर हजारोंनी दाटीवाटीनं बसते आणि प्रत्येकीचं एफसी टोक (अँटिबॉडीची शेपटी) बाहेर असतं. सी१क्यू (कॉम्प्लिमेंट साखळीतलं पहिलं प्रथिन) ला सहा डोकी असतात, त्याला हवी असते ती नेमकी अशी एफसींची दाटी. उंदराची आयजीजी२ए माणसाच्या सी१क्यू ला चांगली धरते. म्हणजे तुमची अँटिबॉडी एकाच वेळी दोन कामं करतेय: सीडी५९ झाकतेय आणि स्वतःच क्लासिकल पाथवे (अँटिबॉडीनं सुरू होणारी कॉम्प्लिमेंटची साखळी) पेटवतेय. तुमच्या ४० टक्क्यांत कुठलं काम किती, हे या प्रयोगातून सांगता येणार नाही. सीरम तापवल्याचा कंट्रोल सांगतो की कॉम्प्लिमेंटनं मारलं. कॉम्प्लिमेंट सुरू कुणी केलं, हे तो सांगत नाही.

वेगळं करायचा एक मार्ग मला सगळ्यात आवडतो, कारण तो सीडी५९ च्या स्वभावातूनच निघतो. सीडी५९ साखळीच्या अगदी शेवटी काम करतं. ते सी८ आणि सी९ ला धरून सी९ ची कडी जुळू देत नाही. सी४ आणि सी३ त्याच्या कितीतरी आधी पेशीवर बसलेले असतात, त्यांच्यावर सीडी५९ चा ताबा नाही. तेव्हा नुसतं सीडी५९ अडवलं असेल तर मरणाऱ्या पेशी वाढतील, पण पेशीवरचे सी४ आणि सी३ होते तेवढेच राहतील. मेम-४३ लावल्यावर सी४ वाढला, तर तो एफसीनं आणलाय. सीडी५५ (पेशीचं दुसरं रक्षक प्रथिन) ची गोष्ट वेगळी. ते सी३ कन्व्हर्टेज (सी३ कापणारं एन्झाइम) मोडतं, त्यामुळे ते अडवलं की सी३ वाढायलाच हवा, आणि तिथे ही परीक्षा सी४ वर करावी लागते.

हे मोजताना मेलेल्या पेशी घात करतात, त्यांना काहीही चिकटतं. म्हणून सी३-सी४ मोजायच्या नळ्यांना सी५ काढलेलं सीरम वापरा. साखळी सी३ पर्यंत येऊन थांबते, पेशी जिवंत राहतात, आकडे स्वच्छ येतात. आणि रंगवायला थेट रंग जोडलेली सी४ ची अँटिबॉडी घ्या. उंदराची अँटिबॉडी आणि वर अँटी-माउस सेकंडरी असं केलंत तर सेकंडरी मेम-४३ लाच पकडेल.

खरा प्रयोग असा करावा. मेम-४३ चा एफएबी-टू तुकडा घ्या. दोन हात शाबूत, एफसी नाही. पण मग साखळी पेटवायला कोणी उरत नाही, म्हणून ठिणगी वेगळी द्यायची. तुमच्या पेशींवर सीडी२० असेल तर रिटुक्सिमॅब (सीडी२० विरोधी अँटिबॉडी) उत्तम, आणि तेही इतकं कमी की एकट्यानं थोड्याच पेशी मराव्यात. नुसतं रिटुक्सिमॅब, नुसता एफएबी-टू, दोन्ही एकत्र. नुसत्या एफएबी-टू नं काही व्हायला नको, आणि एकत्र लावल्यावर आकडा चढला तर तो सीडी५९ चा.

आयसोटाइप कंट्रोलच्या जागी मी डब्ल्यू६/३२ ठेवेन. तीही उंदराची आयजीजी२ए, एचएलए क्लास वन वर भरपूर बसते, आणि एचएलएचा कॉम्प्लिमेंट अडवण्याशी संबंध नाही. बसलेली आयजीजी२ए नुसती बसल्यानं किती पेशी मारते ते कळेल. (दौडी पेशी असतील तर ही चालणार नाही, त्यांच्या पृष्ठभागावर क्लास वन नसतो.)

मी इतकं लांबण लावतेय कारण या एका कारणानं चांगल्या मुलांचे निष्कर्ष परीक्षणात अडकलेले पाहिलेत. निरीक्षण खरं असतं, पण त्यावर चढवलेलं वाक्य टिकत नाही.

आणखी एक. बाटलीत सोडियम अझाइड असतं. सीरमच्या प्रयोगाआधी डायलिसिस करा किंवा अझाइड नसलेली मागवा.

सीरमवाली

ताई, मनापासून आभार. सी५ काढलेलं सीरम शेजारच्या लॅबमध्ये होतं. मेम-४३ च्या नळीत सी४ स्पष्ट वाढलाय, नुसत्या सीरममध्ये जवळजवळ नाहीच. म्हणजे माझं वाक्य निदान या प्रयोगावर लिहिता येत नाही. पेशींवर सीडी२० आहे, एफएबी-टू मागवतेय. ब्रिक २२९ (सीडी५९ विरोधी दुसरा क्लोन) चाही एफएबी-टू करून बघू का, दोन क्लोननी तेच दाखवलं तर बळ येईल?

वेस्टर्नचा पट्टा आला, नळीभर, डीटीटी काढल्यावर पहिल्याच जेलला.

जुनी_बायोकेमिस्ट

दोन क्लोनची कल्पना चांगली, पण ब्रिक २२९ आयजीजी२बी आहे. त्या उपवर्गाचा पेप्सिननं नीट एफएबी-टू मिळत नाही, अर्धवट तुकडे येतात. त्याचा पपेननं साधा एफएबी करा. एकहाती असल्यानं पकड सैल होईल, तेव्हा मात्रा वाढवून आधी फ्लोवर तपासा की सीडी५९ भरलंय. एकहातीचा एक फायदाही आहे: दोनहाती अँटिबॉडी जीपीआय अँकरवरची (सीडी५९ सारखी, पेशीच्या पडद्यात चरबीच्या खुंटीनं रोवलेली) प्रथिनं एकत्र ओढून पेशीच्या आत संदेश पाठवू शकते, ती शंका यात राहत नाही.

अँटिबॉडीच नको असेल तर क्रिस्परनं सीडी५९ चं जीन काढा. पीआय-पीएलसी एन्झाइमनं अँकर कापायचा सल्ला कोणी देईल, पण त्यात सीडी५५ ही निघून जातं.

रक्तपेशीवाला

मी पीएनएचच्या (कॉम्प्लिमेंटनं लाल पेशी फुटण्याचा आजार) चाचण्या करतो, म्हणून ताईंच्या सी३ च्या मुद्द्याला रुग्णांतलं उदाहरण जोडतो. पीएनएचमध्ये पीआयजीए जीन बिघडतं, अँकर बनत नाही आणि लाल पेशींवरून सीडी५५ व सीडी५९ दोन्ही जातात. २००७ मध्ये मान्यता मिळालेलं एक्युलिझुमॅब सी५ अडवतं, रक्तवाहिनीत पेशी फुटणं थांबतं. पण सीडी५५ नाहीच, त्यामुळे वाचलेल्या पेशींवर सी३ साचत जातो आणि बऱ्याच रुग्णांत यकृत-प्लीहा त्या पेशी उचलतात. सी३ च अडवणारं पेगसेटाकोप्लॅन त्यासाठी आलं, २०२१ मध्ये.

लाल पेशींवर मोनोक्लोनल लावणार असाल तर गुठळ्यांकडे लक्ष ठेवा. ग्लायकोफोरिन ए (लाल पेशींवरचं प्रथिन) ची अँटिबॉडी जास्त झाली की पेशी एकमेकींना चिकटतात आणि जोडीतली एक सीडी५९ नसलेली, दुसरी असलेली, असं फसवं मधलं टोळकं दिसतं. रक्त भरपूर पातळ करा, वाचण्याआधी नळी रॅकवर जोरात घासा आणि जोड्या गेटनं बाहेर काढा.

सीरमवाली

रिटुक्सिमॅबची मात्रा उद्यापासून शोधते. एकट्यानं किती टक्के मरतील तिथे थांबू?

जुनी_बायोकेमिस्ट

१० ते १५. वर चढायला जागा राहायला हवी. आणि सीरम एकाच दात्याचं, छोट्या नळ्यांत उणे ८० ला ठेवा. एकदा वितळवलेली नळी पुन्हा गोठवू नका.