डिसेंबरच्या मुलाला पहिलीत घालावं की वर्षभर थांबावं?

वर्तकनगरची आई

मुलाचा जन्म १४ डिसेंबरचा. येत्या जूनमध्ये तो साडेपाच वर्षांचा असेल. आपल्या राज्यात ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होत असतील तर पहिलीत प्रवेश मिळतो, त्यामुळे शाळेनं सिनियर केजीच्या प्रगतिपुस्तकावर पहिलीचा शिक्का मारून दिला. आम्ही त्याला यंदा पहिलीत घालणार नाही. आणखी एक वर्ष सिनियर केजीतच ठेवायचं मी ठरवलंय. नवरा अर्धा तयार आहे. सासूबाई, नणंद, सोसायटीतल्या मैत्रिणी, सगळ्यांचं एकच म्हणणं: "अगं, पोराचं वर्ष वाया जाईल."

हे "वाया" माझ्या डोक्यातून जात नाही. पाच वर्षांच्या मुलाचं वर्ष वाया कसं जातं? तो त्या वर्षात जेवेल, पडेल, भांडेल, गोष्टी ऐकेल, उंच होईल. वाया जातं ते आपण मनात मांडून ठेवलेल्या वेळापत्रकातलं वर्ष. दहावी अमुक साली, बारावी तमुक साली, नोकरी बाविसाव्या वर्षी. हे वेळापत्रक त्यानं मागितलेलं नाही.

त्याच्या वर्गात जानेवारीत जन्मलेली मुलं आहेत. म्हणजे अकरा महिन्यांनी मोठी. आपल्याला चाळिशीत अकरा महिने कळतही नाहीत, पण साडेपाच वर्षांच्या मुलासाठी ते आयुष्याचा सहावा हिस्सा असतात. त्या मुलांच्या शेजारी बसून तो तीच ओळ लिहितो, तेवढ्याच वेळात. बाईंनी डायरीत लिहून पाठवलं, "काम अपूर्ण राहते, लक्ष नसते." त्या रात्री वही काढून बसलो. तीन ओळी झाल्या आणि त्यानं पेन्सिल खाली ठेवली. म्हणाला, "आई, माझं बोट दमलंय." रडला नाही, हट्ट केला नाही. खरंच दमलं होतं. मी डोळे पुसले आणि वही मिटली.

त्यात घोडबंदर रोडची कोंडी. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असा शासनाचा निर्णय २०२४ मध्ये आला, तरी बस आमच्या गेटवर सव्वासातला येते. उशिरा निघाली तर नऊला पोचणार नाही म्हणतात. अर्धवट झोपेतल्या पोराच्या पायात मोजे चढवताना माझाच जीव वर-खाली होतो.

ज्यांनी मुलाला थांबवलं किंवा थांबवलं नाही, त्यांनी मोकळेपणानं लिहा. विरोधात असलात तरी लिहा.

ऐरोलीचा बाबा

ताई, तुमच्या मुलाबद्दल तुम्हालाच जास्त कळणार. पण "थांबवावं" हा नियम सगळ्यांना लावू नका, एवढंच मला म्हणायचंय.

माझी मुलगी नोव्हेंबरची. चौथ्या वर्षी दुकानांच्या पाट्या वाचायची, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. तिला आम्ही "लहान आहे" म्हणून मागे ठेवलं असतं, तर आधीच येत असलेली अक्षरं ती वर्षभर गिरवत बसली असती. कंटाळलेलं मूलही वर्गात त्रास देतं आणि हळूहळू त्याची गोडी मरते. हुशार मुलाला अडवून ठेवणं हाही अन्यायच आहे, फक्त त्याबद्दल कुणी हळहळत नाही. सी. व्ही. रामन अकराव्या वर्षी मॅट्रिक झाले होते. त्यांना कुणी "अजून खेळ" म्हणून बसवून ठेवलं असतं तर?

भावनेपेक्षा आकडे बघायचे तर नॉर्वेचे आहेत. तिथे मुलांची अठराव्या वर्षी लष्करभरतीसाठी बुद्ध्यांक चाचणी व्हायची. २०११ मध्ये अर्थशास्त्रज्ञांनी त्या नोंदी तपासल्या. शाळा लवकर सुरू केली की उशिरा, याचा त्या गुणांवर फारसा फरक दिसला नाही, आणि जो थोडा दिसला तो लवकर सुरू करणाऱ्यांच्या बाजूनं होता. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ मध्ये गणितात असामान्य असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला आणि तो पुढे कित्येक दशकं चालला. वर्ग ओलांडून पुढे गेलेली ती मुलं मोठेपणी खचलेली आढळली नाहीत, उलट बहुतेकांनी चांगलं काम केलं.

माझी मुलगी आज चौथीत आहे. वर्गात सगळ्यांत लहान आणि अगदी मजेत.

नौपाड्यातले आजोबा

सरकारी नोकरीला वयोमर्यादा असते हे आजकालचे आईबाप विसरतात. एक वर्ष हातात असलेलं बरं. नातवाला आम्ही वेळेत घातला, काही बिघडलं नाही.

वर्तकनगरची आई

आजोबा, यूपीएससीला खुल्या गटातल्या उमेदवाराला ३२ व्या वर्षापर्यंत सहा संधी मिळतात. एका वर्षानं त्यात काय अडतं? आणि ज्याची अजून पेन्सिल धरताना बोटं दुखतात त्याच्या नोकरीचा हिशेब मला आत्ता नको.

ऐरोलीचे दादा, तुमच्या मुलीला अडवावं असं मी म्हणतच नाही. ती वाचत होती, तुम्ही तिच्या मागून चाललात. आमच्याकडे कॅलेंडर पुढे आणि मूल त्याच्या मागून धावतंय. स्टॅन्लींचा अभ्यास निवडून काढलेल्या, गणितात असामान्य मुलांचा. त्यावरून डिसेंबरच्या प्रत्येक मुलाला पुढे ढकलता येत नाही.

आणि गुणांपलीकडेही काही असतं. २०१८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला. अमेरिकेत ज्या राज्यांत प्रवेशाची सीमारेषा १ सप्टेंबर आहे, तिथे ऑगस्टमध्ये जन्मलेली, म्हणजे वर्गातली सर्वांत लहान मुलं आणि सप्टेंबरमध्ये जन्मलेली, म्हणजे सर्वांत मोठी मुलं यांची तुलना केली. एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न लागणं आणि अतिचंचलपणा या विकाराचं, निदान ऑगस्टच्या मुलांत दहा हजारांत ८५ आणि सप्टेंबरच्या मुलांत ६४. आजार जन्मतारीख बघून येत नाही. लहान मुलाचं लहानपण मोठ्यांच्या मापानं मोजलं आणि त्याला आजाराचं नाव दिलं, असाच त्याचा अर्थ मला लागतो. "लक्ष नसते" हा डायरीतला शेरा वाचताना मला तोच अभ्यास आठवत होता. डेन्मार्कमध्येही थॉमस डी आणि हान्स हेन्रिक सीव्हर्टसन यांना दिसलं की शाळा वर्षभर उशिरा सुरू केलेल्या मुलांत सातव्या वर्षी चंचलपणा आणि लक्ष न लागणं बरंच कमी होतं.

नेरुळच्या बाई

मी बालवर्ग आणि पहिली मिळून एकतीस वर्षं शिकवलं. आता निवृत्त आहे.

जुन्या शाळांत गुरुजी मुलाला सांगायचे, उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान पकड. हात पोचला तर पहिलीत घालायचं, नाही पोचला तर "पुढच्या वर्षी घेऊन या." मग रजिस्टरमध्ये जन्मतारीख लिहायची १ जून, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि खरी तारीख आईलाही पक्की ठाऊक नसायची. साठीच्या पुढच्या कितीतरी लोकांचा कागदावरचा वाढदिवस अजूनही १ जूनच आहे. तारीख खोटी असायची, पण कान पकडायला लावणारे गुरुजी निदान मुलाकडे बघत होते. लहान मुलाचं डोकं मोठं आणि हात आखूड असतात, सहाच्या सुमारास ते प्रमाण बदलतं. आता तारीख अगदी खरी, जन्मदाखल्यासकट, आणि मुलाकडे कुणी बघत नाही.

बोट दमलंय म्हणाला ते खरं आहे. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेची, म्हणजे मऊ असतात आणि एकेक करत घट्ट होत जातात. शेवटचं तर आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान. अशा हाताला आधी माती मळायला द्यायची, मणी ओवायला, कागद फाडायला, चिंचोके वेचायला. पेन्सिल त्यानंतर. मी पहिलीच्या मुलांना जूनमध्ये पाटीवर नुसत्या रेघोट्या मारू द्यायची. पालक तक्रार करायचे, मुख्याध्यापक बोलवायचे. दिवाळीनंतर तीच मुलं सुंदर लिहायची.

हे काही परदेशातलं शहाणपण नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर हेच केलं. ते सगळं तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं, २०१४ पासून पालघरमध्ये गेलं. आदिवासी मुलं शाळेत येईनात, कारण घरी धाकटं भावंड सांभाळायचं, गुरं राखायची. मग त्यांनी शाळाच पाड्यावर नेली, अंगणात भरवली. ती अंगणवाडी. गुरांमागे कुरणात गेली ती कुरणशाळा. खडे, शिंपले, पानं, बिया एवढंच साहित्य. मूल जिथे आहे तिथे शाळेनं जायचं. आज साडेपाच वर्षांच्या मुलाला आपण शाळा जिथे आहे तिथवर फरफटत नेतोय.

कळव्याची आई

बाई, तुमचं पटतं. पण ताई, थांबणं परवडायलाही लागतं हो.

माझी मुलगी ऑक्टोबरची. आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांच्या सोडतीमध्ये तिचा नंबर लागला, तो पहिलीसाठी. यंदा नाही म्हटलं तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा सोडत, आणि नंबर परत लागेलच याची खात्री कोण देणार? बालवाडीचं आणखी एक वर्ष म्हणजे आणखी वर्षभराची फी. मी आणि मिस्टर दोघं सकाळी सातच्या लोकलनं निघतो. तिला सांभाळणाऱ्या माझ्या आई मागच्या वर्षी गेल्या. शाळा असली की निदान दुपारपर्यंत ती सुरक्षित आहे हे ठाऊक असतं.

मला तिला ढकलायचं नव्हतं. माझ्यासमोर दुसरा रस्ता नव्हता. इथे वाचून उगाच वाटायला लागलं की मी वाईट आई आहे. म्हणून लिहिलं.

वर्तकनगरची आई

नाही हो ताई, तसं अजिबात नका वाटून घेऊ. तुम्ही लिहिलंत ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं आणि यायला हवं होतं. माझ्याकडे निवड आहे, घरी सासूबाई आहेत, एका वर्षाची फी भरता येते. हा निर्णय एकेकट्या आईवर ढकलणंच चूक आहे. शिक्षणहक्क कायद्यात वय सहा ते चौदा. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात पहिली सहाव्या वर्षी. २०२३ मध्ये केंद्रानं राज्यांना तेच पुन्हा कळवलं. मग जूनमध्ये सहा पूर्ण झालेली मुलंच पहिलीत, असा नियम सरसकट असता तर तुमच्या मुलीची सोडतही पुढच्या वर्षीच निघाली असती आणि तुमचं काही गेलं नसतं. सीमारेषा डिसेंबरला ठेवली की हातात पैसा असलेला थांबतो आणि नसलेल्याचं मूल धावतं.

नेरुळच्या बाई

कळव्याच्या ताई, वर्ग बदलता येत नसेल तर घर बदलू नका. शाळेतून आल्यावर पुन्हा वही काढू नका, एवढं करा. पीठ मळताना एक गोळा तिच्या हातात द्या. वर्गशिक्षिकेला भेटून सांगा की ही ऑक्टोबरची आहे, कमी लिहिलं तरी चालेल. बहुतेक बाई ऐकतात, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

कोपरीचा मुलगा, वय २३

मी पुढे ढकललेला मुलगा आहे. जन्म ९ जानेवारी. साडेपाचच्याही आधी पहिली. पाठांतर चांगलं म्हणून तिसरीतून थेट पाचवी. घरात पेढे वाटले होते. दहावीला मी चौदा वर्षांचा होतो. वर्गातल्या मुलांना मिसरूड फुटलेलं, आवाज बदललेले, आणि माझा आवाज फोनवर ऐकून लोक "बाळा, आईला दे" म्हणायचे. कबड्डीच्या संघात कधीच घेतलं नाही. गुण चांगले होते, तेवढंच सगळ्यांना दिसायचं.

बारावी झाली तेव्हा सोळा पूर्ण. ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत सतरा पूर्ण लागतात. मला नऊ दिवस कमी पडले. पूर्ण वर्ष घरी बसलो. जे वर्ष तिसरीत वाचवलं होतं तेच सोळाव्या वर्षी परत द्यावं लागलं, फक्त तेव्हा सोबत कुणी नव्हतं. वर्गातले सगळे कॉलेजला गेले, आणि माझ्या वयाचे अजून बारावीत होते.

ऐरोलीच्या काकांना एकच विचारतो. ती चौथीत मजेत आहे हे छान. नववीतही विचाराल ना?

ऐरोलीचा बाबा

विचारेन रे. तुझं वाचून तिच्या शेजारी जाऊन बसलो थोडा वेळ.

माझं मत पूर्ण बदललेलं नाही. हुशार मुलाला पुढचं मिळालंच पाहिजे. पण "पुढचं मिळणं" आणि "पुढच्या वर्गात बसणं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी नीट मांडलं नव्हतं. गणितज्ञ टेरेन्स ताओ तेराव्या वर्षी आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक जिंकला. तरीही त्याच्या वडिलांनी त्याला विद्यापीठात घाईनं टाकलं नाही. गणित वरच्या वर्गात, बाकीचे विषय त्या-त्या मानानं, असं हळूहळू नेलं. आपल्या शाळांत तशी सोय नाही. सगळं उचलून पुढे टाका, नाहीतर सगळं अडवा. माझी खरी तक्रार त्यावर आहे.

आमच्याकडे पाचवीपासून कोचिंग क्लासच्या फाउंडेशन बॅचची माहितीपत्रकं वाटतात. सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगला घेऊ नये अशा केंद्राच्या सूचना जानेवारी २०२४ मध्येच आल्यात. मी एका ठिकाणी नाव नोंदवून आलो होतो. उद्या जाऊन काढून घेतो.

वर्तकनगरची आई

आज शाळेत अर्ज दिला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, लेखी द्या की पालकांच्या इच्छेनं. दिलं.

एकच अडलंय. वरच्या मजल्यावरचा त्याचा जिवलग मित्र पहिलीत जाणार. काल रात्री पांघरुणातून विचारलं, "मग मी का नाही? मला येत नाही म्हणून?" मला उत्तर सुचलं नाही. थोपटत बसले. कोपरीच्या दादा, तुला काय सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं?

कोपरीचा मुलगा, वय २३

त्याला वाढदिवस मोजून दाखवा, काकू. मित्राचा कधी आणि त्याचा कधी, कॅलेंडरची पानं उलटून. येणं-न येण्याचं नाव काढू नका. आणि संध्याकाळी दोघं खाली एकत्र खेळतील, हे नक्की सांगा. रोज न्या खाली, परीक्षा असली तरी.

वर्तकनगरची आई

त्याच्या बाबांनी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलंय. दोघं जमिनीवर बसून मोजतायत, मार्चपर्यंत आलेत.