सी-आर्मजवळ काम करताना किरणोत्सर्गाविषयी नेमके काय ठाऊक असावे?

प्रश्न (अस्थिरोग विभाग, प्रथम वर्ष निवासी डॉक्टर):
किरणांजवळ काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट (शरीराला मिळालेल्या किरणांच्या मात्रेचे एकक) आणि कोणत्याही एका वर्षात ५० पेक्षा अधिक नाही, ही आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाची मर्यादा मी परीक्षेसाठी पाठ केली होती. परंतु सी-आर्मच्या (शस्त्रक्रिया चालू असताना क्ष-किरण चित्र दाखवणाऱ्या यंत्राच्या) कोणत्या बाजूला उभे राहावे, असे परिचारिकेने विचारले तेव्हा मला सांगता आले नाही. आमच्यापैकी काहींचा किरणांची मात्रा मोजणारा बॅज कपाटातच असतो, तर काहीजण यंत्र बंद झाल्यावरही खोलीत पाऊल टाकायला कचरतात. सर्वांत आधी काय समजून घ्यावे?

उत्तर १ (क्ष-किरण विभागातील अध्यापक):
आपल्यापर्यंत पोहोचणारे किरण बहुतांशी रुग्णाच्या शरीरावरून विखुरलेले असतात, एवढे पक्के कळले की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. झोत शरीरात जिथे शिरतो त्या बाजूला हे विखुरणे सर्वाधिक असते. म्हणून किरण सोडणारी नळी टेबलाखाली ठेवावी आणि आडव्या झोताने चित्र घेताना नळीच्या नव्हे, तर किरण टिपणाऱ्या डिटेक्टरच्या बाजूला उभे राहावे. एक मीटरवरून दोन मीटरवर सरकल्यास मात्रा साधारण चौथाई होते. यंत्र बंद होताच किरण संपतात, खोलीत काहीही साचून राहत नाही. मात्र शिशाचा हातमोजा घालून हात थेट झोतात धरणे ही निव्वळ फसवणूक आहे, कारण चित्र काळवंडू नये म्हणून यंत्र आपोआप किरणांचे प्रमाण वाढवते.

उत्तर २ (शस्त्रक्रियागृहातील क्ष-किरण तंत्रज्ञ):
बॅज संरक्षण करीत नाही, केवळ नोंद ठेवतो. कपाटातल्या बॅजचा अहवाल नेहमीच उत्तम येतो! तो शिशाच्या ॲप्रनच्या आत छातीवर लावावा. ॲप्रन घडी करून ठेवल्यास शिशाला भेगा पडतात, म्हणून तो टांगूनच ठेवावा. किरण सुरू करणारे पेडल दाबून धरण्याऐवजी पडद्यावर थांबलेले शेवटचे चित्र पाहावे, झोताची चौकट हव्या तेवढ्या भागापुरती आवळावी आणि चित्र मोठे करून पाहण्याचा मोह टाळावा, कारण त्यात मात्रा वाढते.

उत्तर ३ (वरिष्ठ निवासी डॉक्टर):
डोळ्यांच्या भिंगाची मर्यादा जुन्या पुस्तकांत १५० मिलिसीव्हर्ट आढळते. त्याच आंतरराष्ट्रीय आयोगाने २०११ मध्ये ती पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० वर आणली. शिवाय तपासणीचा अर्ज आपणच भरतो, तेव्हा पोटाच्या एका सीटी स्कॅनची मात्रा छातीच्या एका क्ष-किरण चित्राच्या काहीशे पट असते, हेही तिथेच आठवायला हवे.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. पण मोडलेल्या हाडात घातलेल्या खिळ्याच्या टोकाकडचे स्क्रू बसवताना जागेअभावी नळीच्या बाजूलाच उभे राहावे लागते, तेव्हा काय करावे?

उत्तर २ चे लेखक:
शक्य असल्यास सी-आर्म उलट बाजूने आणायला शस्त्रक्रियेपूर्वीच सांगा. ते जमले नाही, तर ड्रिल जागेवर स्थिर करून हात झोताबाहेर घ्या आणि दोन पावले मागे गेल्यावरच पेडल दाबायला सांगा.