जुनापाणी येथील शिलावर्तुळे आणि तंबूची जागा

नागपूरजवळच्या जुनापाणी येथील शिलावर्तुळांमध्येच, म्हणजे गोलाकार मांडलेल्या मोठ्या दगडांमध्येच, तंबू ठोकून रात्र काढण्याचा बेत असेल, तर तो कृपया बदलावा. ही वर्तुळे म्हणजे लोहयुगातील दफनभूमी असून ती केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. तेथे सूर्यास्तानंतर थांबण्यास आणि परवानगीशिवाय स्वयंपाक करण्यास मनाई आहे. शिवाय तंबूच्या खुंट्या आणि चुलीसाठी उचललेले दगड यांमुळे होणारी हानी कधीच भरून निघत नाही.

नागपूर-काटोल रस्त्यालगतच्या एखाद्या शेतात मालकाची रीतसर परवानगी घेऊन मुक्काम करावा आणि उजाडताच वर्तुळांकडे निघावे. सकाळचे तिरपे ऊन दगडांवर पडले की त्यांवर ओळीने कोरलेल्या वाटीसारख्या खळग्या स्पष्ट दिसतात. भर दुपारी त्याच खळग्या शेजारी उभे राहूनही नजरेतून सुटतात. ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नॅक यांनी एकोणिसाव्या शतकातच त्यांची नोंद केली होती.

हाताशी आणखी एक दिवस असल्यास नागपूरजवळचेच माहुरझरी अवश्य पाहावे, कारण तेथील वर्तुळांच्या उत्खननात माणसांसोबत पुरलेले घोडे आणि त्या घोड्यांच्या मस्तकावरील तांब्याचे अलंकार सापडले आहेत, आणि माझ्या मते विदर्भाच्या प्राचीन इतिहासातील याहून विलक्षण पुरावा क्वचितच असेल.

डिसेंबर-जानेवारी हा काळ उत्तम. मात्र रात्री थंडी चांगलीच झोंबते, त्यामुळे जाड पांघरुणे आणि पुरेसे पिण्याचे पाणी सोबत ठेवावे.