सिव्हिलायझेशन: चौथा भाग की पाचवा?
सिव्हिलायझेशन या साम्राज्य उभारण्याच्या संगणकावरच्या खेळात पाचव्या भागाने लढाईत जान आणली हे तुमचं म्हणणं पटतं, पण अर्धंच. २०१० मध्ये या भागात नकाशावर षटकोनी घरं आली, एका घरात एकच लढाऊ तुकडी राहू लागली. पुढे तलवारवाले, मागे धनुर्धारी ठेवून खिंड अडवायची, हे खरंच झकास! पण आपल्याविरुद्ध खेळणाऱ्या संगणकाला ते झेपत नाही. त्याच्या तोफा पुढे येऊन फुकट मरतात. २००५ च्या चौथ्या भागात तो एकाच चौकोनात अख्खं सैन्य रचून चालून यायचा, तेव्हा धडकी भरायची. शिवाय तिथे प्रत्येक नवं शहर तिजोरीला खार लावायचं, म्हणून विचार करूनच पसरावं लागायचं. माझं मत चौथ्यालाच. सहाव्यातले डिस्ट्रिक्ट, म्हणजे शहराचे वेगवेगळ्या घरांवर बांधायचे खास विभाग, मात्र लाजवाब: डोंगरांना लागून कॅम्पस, म्हणजे विज्ञानाचा विभाग, बांधला की विज्ञान वाढतं, म्हणून शहर वसवण्याआधीच नकाशा नीट वाचावा लागतो.