पावसाळ्याआधी चाळीत होमिओपॅथीच्या गोळ्या वाटायच्या का?

लालबागची वहिनी

आमची चाळ चार मजली, ६८ खोल्या. रविवारी कमिटीच्या मीटिंगला अण्णांनी विषय काढला, की पाऊस लागायच्या आत घरटी एक बाटली होमिओपॅथीच्या गोळ्या वाटू, डेंग्यू किंवा लेप्टो (साचलेल्या घाण पाण्यातून होणारा ताप) होऊ नये म्हणून. २०२० ला कोरोनात आर्सेनिक अल्बम ३० या गोळ्या वाटल्या होत्या तसंच. तेव्हा आयुष मंत्रालयानेच जानेवारीत सांगितलं होतं, तीन दिवस रिकाम्या पोटी घ्या. मग काय, आमच्याकडे प्रसादासारख्या वाटल्या. मीच जिन्याखाली टेबल टाकून नावापुढे खुणा करत बसले होते.

खजिनदार मी, चेकवर सही माझी. पण या वेळी हात धजत नाही. मागच्या जुलैत माझे धाकटे दीर हिंदमाताला गुडघाभर पाण्यातून चालत घरी आले. टाचेला ही एवढी भेग. घरात कुणी दिलेल्या 'पावसाळी' गोळ्या होत्या, त्या चार-चार चघळल्या आणि निर्धास्त झाले. आठव्या दिवशी ताप भरला. पोटऱ्या अशा दुखायच्या की संडासापर्यंत भिंत धरून जायचे. गोळ्या देणाऱ्याला फोन केला तर म्हणे, औषध लागू पडतंय, आधी थोडं वाढतंच. तीन दिवस त्यात गेले. डोळे पिवळे दिसले तेव्हा टॅक्सीत घातलं. ११ दिवस हॉस्पिटल, दोनदा डायलिसिस. आता ठणठणीत आहेत, पण वहिनीला तोंड दाखवायला लाजतात.

मला भांडण नकोय. माझ्या मुलाच्या सर्दी-खोकल्याला मीही याच गोळ्या दिल्यात. साथीच्या रोगात त्यांचा खरंच उपयोग होतो का, एवढंच सांगा. येत्या रविवारी सही द्यायची आहे.

साबुदाणा ३०

वहिनी, मी होमिओपॅथ, गिरगावात २२ वर्षं. साथीत आमची रीत अशी: एकाच साथीतले पुष्कळ रुग्ण बघायचे, सगळ्यांत मिळून जी लक्षणं दिसतात त्यांवरून एक औषध ठरवायचं. होमिओपॅथी काढणाऱ्या हानेमानने १८३१ च्या कॉलऱ्यात कापूर सांगितला तो याच वाटेने. डेंग्यूत हाडं मोडल्यागत दुखतात म्हणून आम्ही युपेटोरियम देतो. मीही देतो, पण प्लेटलेट मोजायला पाठवूनच.

आता तुमच्या अण्णांना विचारा, साथ आलीच नाही तर लक्षणं बघितली कुणाची? मे महिन्यात घाऊक ठरवलेलं औषध आमच्या शास्त्रातही बसत नाही. आणि 'आधी वाढतं' हे जुनाट इसबाला म्हणावं. चढत्या तापात असं म्हणणारा आमच्यातला असला तरी चुकलाच.

निवृत्त लॅबवाला

महापालिकेच्या दवाखान्यात ३१ वर्षं लोकांची बोटं टोचून मलेरियाच्या काचा रंगवल्या. डॉक्टरसाहेब सभ्यपणे बोलले, मी जरा उघडं बोलतो.

औषधाच्या नावापुढचं ३० म्हणजे काय? एक थेंब औषध ९९ थेंब स्पिरिटात घालून झटके द्यायचे. त्यातला एक थेंब पुन्हा नव्या ९९ मध्ये. असं ३० वेळा. बाराव्या खेपेच्या आसपासच मूळ औषधाचा एखादा कण उरण्याची आशा संपते. पुढच्या अठरा खेपा स्पिरिटात स्पिरिट. ते साखरेच्या गोळीवर टाकतात आणि उडूनही जातं. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने टीबी, मलेरियासारख्या रोगांत यावर विसंबू नका असं बजावलं होतं.

आता कुणीतरी १८५४ च्या लंडनचा दाखला देईलच, की होमिओपॅथीच्या हॉस्पिटलात कॉलऱ्याने कमी माणसं मेली. खरं आहे. पण त्या काळी बाकीचे डॉक्टर कॉलऱ्याच्या रोग्याचं रक्त काढत आणि वर पारा पाजत! त्यापेक्षा साखर बरीच.

गुण आला की नाही हे कळतं कसं, ते तुमच्या शेजारीच झालंय. १८९७ मध्ये हाफकिन या शास्त्रज्ञाने प्लेगची लस आधी स्वतःला टोचली, मग भायखळ्याच्या तुरुंगात काही कैद्यांना दिली, काहींना नाही, आणि दोन्हीकडचे आजारी मोजले. जिन्याखालच्या तुमच्या वहीत गोळ्या घेणाऱ्यांच्या खुणा आहेत. न घेणाऱ्यांचं पुढे काय झालं ते कुठे आहे?

लेप्टोचं सांगतो. उंदराच्या मुतातले जंतू भेगेतून आत जातात. साचलेल्या पाण्यातून आलात की ७२ तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात जा, डॉक्सीसायक्लिन देतात. जखम असेल, रोज पाण्यात उतरावं लागत असेल तर डोस वाढतो. गरोदर बाया आणि लहान मुलांना दुसरं औषध असतं, म्हणून शेजारणीची गोळी नको, डॉक्टरांना दाखवूनच. तुमच्या दिरांचं तिथेच हुकलं.

डेंग्यूला तर वाटण्यासारखी गोळी कुणाकडेच नाही. ताप आला तर पॅरासिटामॉल, ब्रुफेन-ॲस्पिरिन अजिबात नाही. ताप उतरताना पोट दुखलं, उलट्या लागल्या किंवा हिरड्यांतून रक्त आलं तर तडक हॉस्पिटल गाठा. ताप उतरला म्हणून लोक पांघरूण काढून कामावर जातात, तीच वेळ वाईट. आणि गॅलरीतली पिंपं बघा. टॉर्च मारला की अळ्या वळवळत तळाला पळतात. नुसतं पाणी ओतून टाकून भागत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात. काथ्याने घासा.

भांडुपचा भाऊ

आमच्याकडे गोळ्यांच्या बाटलीवर वाटणाऱ्याचा फोटो होता. औषधाचं नाव भिंग लावून वाचावं लागलं.

लालबागची वहिनी

सही केली नाही. अण्णा रागावलेत, 'लोकांना काहीतरी हातात द्यावं लागतं' म्हणाले. म्हटलं, काथ्या देऊ. काल दोन पोरं आणि टॉर्च घेऊन चारही मजले फिरले. ६८ खोल्यांची ८३ पिंपं निघाली, त्यातल्या ९ मध्ये अळ्या. सातवं आमचंच.