घराचा हप्ता आणि जुलैतली संध्याकाळ

‘बे एरियातल्या, म्हणजे कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, एका घराच्या पैशात टेक्ससमधल्या ऑस्टिनला दोन येतात, मग इथे कशाला राहायचं?’ असं एकाने विचारलंय. हिशोब खरा, पण अर्धाच मांडलाय. टेक्ससमध्ये राज्याचा आयकर नाही, पण घरपट्टीचा दर इथल्यापेक्षा बराच जास्त. कॅलिफोर्नियात ‘प्रॉपोझिशन १३’ या १९७८ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या घरपट्टीच्या कायद्यामुळे घर विकेपर्यंत त्याचं करपात्र मूल्य वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. त्यामुळे आमच्या गल्लीतल्या जुन्या रहिवासी आजी आमच्या चौथा हिस्सासुद्धा कर भरत नाहीत. नव्याने घर घेणाऱ्यांवर हा अन्यायच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरीही आम्ही बे एरियातलं आमचं गाव, सनीवेल, सोडलं नाही. मुख्य कारण नोकरी. २०२३ मध्ये माझी गेली, तेव्हा चार महिन्यांत दुसरी मिळाली, तीही मुलीची शाळा न बदलता. ते चार महिने मी विसरणार नाही. आणि हवा! जुलैतही सात वाजले की खिडक्या सताड उघडून जेवायला बसतो, गार वारा येतो, आई खांद्यावर शाल घेते. पुण्यातल्या जुन्या वाड्याची आठवण काढते.

मात्र घरात एकच पगार असेल तर घाईने घर घेऊ नका, दोन वर्षं भाड्याने राहून बघा. आणि घेतलंत तर भूकंपाचा विमा वेगळा काढावा लागतो, घराच्या नेहमीच्या विम्यात तो नसतो. त्याचा हप्ता आधीच विचारून घ्या.